योजनांची माहिती पोहोचली, तरी ऐन वेळी निर्णय का चुकतो?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातील आपल्या ग्रामसंघाने (गावातील बचत गटांच्या संघाने) गेल्या वर्षी आरोग्य योजनांचे मेळावे घेतले, शिबिर लावून आयुष्मान कार्डे काढून दिली, पत्रके वाटली. तरीही त्यानंतर गावातील दोन कुटुंबांनी मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोड टोळीच्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन खासगी रुग्णालयाची बिले भरली, आणि त्यांतील एका घरी तर कार्ड तयार होते. आता ऊसतोडीच्या टोळ्या निघण्यापूर्वी हाताशी असलेले वीस हजार रुपये फ्लेक्स आणि पत्रकांवर खर्च करावेत की आणखी कशावर, असे आपण विचारले आहे. मी शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मराठवाड्यातील आशाताईंची व बचत गटांच्या कार्यकर्त्यांची प्रशिक्षणे घेतो. त्या अनुभवावरून लिहितो.

आपल्या गावात माहिती कमी पडली असे मला वाटत नाही. रुग्णालयात कुटुंब माझ्या टेबलापर्यंत येत असे, तेव्हा मोठा निर्णय बहुतेक वेळा आधीच होऊन गेलेला असे. रुग्णाला कोठे न्यायचे हे घरात, अर्ध्या-एक तासात, आणि पुष्कळदा रात्री ठरते. ते ठरवणारी माणसे मेळाव्याला आलेली नसतात. जीप कोणाची आणि तिच्या चालकाच्या ओळखीचे रुग्णालय कोणते, गावातल्या डॉक्टरांनी चिठ्ठी कोणाच्या नावे दिली, पुण्याला कामाला असलेला पुतण्या फोनवर काय म्हणाला, आणि पैसे कोण देणार, यांवर सगळे अवलंबून असते. आपल्या भागात पैसे देणारा बहुधा मुकादम असतो. उचल हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम म्हणून दिली जात असली, तरी प्रत्यक्षात आजारपणाचा खर्च भागवण्याचे तेच सर्वांत जवळचे साधन असते, आणि ज्याच्या खिशातून पैसे येतात त्याच्या शब्दाला वजन येते. मेळाव्यात पुढच्या रांगेत बसून सर्व ऐकलेल्या सुनेला त्या रात्री कोणी काही विचारत नाही. म्हणून ‘माहिती कशी पोहोचवावी’ यापेक्षा ‘निर्णय होतो त्या तासात ती कोणाच्या तोंडी असेल’ हा प्रश्न मी आधी घेईन.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही सांगितले पाहिजे. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी रात्री मुक्कामी असतात की नाही, जवळचे योजनेतील खासगी रुग्णालय कोणत्या विशेषोपचारांसाठी अंगीकृत (योजनेत मान्यता मिळालेले) आहे, अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात पोहोचायला पावसाळ्यात किती वेळ लागतो, यांची उत्तरे प्रत्येक गावासाठी वेगळी असतात आणि ती गावातच गोळा करावी लागतात. खासगी रुग्णालयात जाणे ही दर वेळी चूकच असते असेही नाही. छातीत कळ आलेल्या माणसाला जेथे लवकर उपचार सुरू होतील तेथेच न्यावे. त्या वेळी योजनेचा विचार दुसऱ्या क्रमांकावर. कार्यकर्त्यांनी ‘सरकारीतच जा’ असा धोशा लावला आणि एखाद्याचे बरे-वाईट झाले, तर त्यानंतर गाव त्यांचे काहीही ऐकत नाही.

आता कुटुंबांना नेमके काय समजावे लागते ते पाहू. योजनांची नावे पाठ करून घेण्याचा काही उपयोग नाही. पर्याय कोणते आहेत आणि प्रत्येक ठिकाणी कोणत्या वेळी कोणता प्रश्न विचारायचा, एवढे कळले तरी पुष्कळ आहे.

पहिला पर्याय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांचा: उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालय. येथील सेवा १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत. केसपेपर, तपासण्या, दाखल होणे, यांपैकी कशालाही पैसे लागत नाहीत. मात्र हा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागापुरता होता. अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हे वैद्यकीय शिक्षण विभागाचे आहे, त्यामुळे तेथे शुल्क मागितले की ‘मोफत म्हणाला होतात ना’ असा वाद होतो. हा फरक आधी सांगितला तर वाद टळतो. बाळंतपणाची गोष्ट आणखी वेगळी आहे. २०११ पासून चालू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात शासकीय रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियनसुद्धा, औषधे, रक्त, तपासण्या, नेण्या-आणण्याची गाडी हे सर्व विनामूल्य आहे; साध्या प्रसूतीनंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस जेवणही मिळते. त्यासाठी गाडीचा क्रमांक १०२, आणि कोणत्याही तातडीच्या प्रसंगी १०८. सर्पदंश झाला तर प्रतिसर्पविष असलेले जवळचे शासकीय केंद्र गाठायचे, हे आपल्याकडच्या शेतात राबणाऱ्या माणसाला झोपेतही आठवले पाहिजे. कोणत्या केंद्रात ते सध्या आहे, याची चौकशी ग्रामसंघाने दर पावसाळ्याच्या तोंडाशी करून ठेवावी.

दुसरा पर्याय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा, आणि सर्वांत जास्त गैरसमज येथेच आहेत. ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली, नाव बदलले आणि एप्रिल २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडून चालवली जाते. जुलै २०२४ पासून पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मेळाव्यात नेमके एवढेच सांगितले जाते, आणि पाच लाखांचा आकडा ऐकून लोक समजतात की कोणताही आजार, कोणतेही रुग्णालय, कधीही. प्रत्यक्षात योजना ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालते आणि ते मुख्यतः दाखल होऊन करावयाचे उपचार असतात. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी, साधा ताप, महिन्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या यांत येत नाहीत. एकाच रुग्णालयाला हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी मान्यता असेल आणि हृदयासाठी नसेल, असे असते. काही उपचार केवळ शासकीय रुग्णालयांसाठी राखीव आहेत. म्हणून ‘येथे योजना आहे का?’ हा प्रश्न अपुरा पडतो. ‘या रुग्णाच्या या आजारासाठी येथे योजना लागू होते का?’ असे विचारावे, आणि ते दाखल होण्याच्या वेळीच, आरोग्यमित्राच्या, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाच्या, कक्षात जाऊन विचारावे.

वेळेवर एवढा भर देण्याचे कारण असे की योजनेत उपचारापूर्वी मंजुरी घ्यावी लागते. कुटुंबाने आधी अनामत रक्कम भरली, रोखीचा रुग्ण म्हणून उपचार सुरू झाले आणि तिसऱ्या दिवशी पैसे संपल्यावर कोणाला तरी कार्डाची आठवण झाली, तर गाडी उलटी फिरवणे फार अवघड जाते. आपल्या गावातील ज्या घरी कार्ड असूनही उचल घ्यावी लागली, तेथे असेच काही घडले असण्याची शक्यता मला मोठी वाटते. त्या कुटुंबाला दोष न देता शांतपणे विचारून पाहावे. प्रसंग तातडीचा असेल तर दूरध्वनीवरून कळवून मंजुरी घेता येते आणि कागद मागाहून देता येतात, हेही फार थोड्यांना ठाऊक असते. मंजुरी मिळाल्यावर त्या उपचाराच्या ठरलेल्या रकमेत तपासण्या, औषधे, शस्त्रक्रियेत बसवावयाचे साहित्य, जेवण असे सर्व धरलेले असते. ‘औषध बाहेरून आणा’, ‘वरचे तेवढे पैसे द्या’ असे कोणी म्हणाले तर आधी आरोग्यमित्राला सांगावे, आणि तेथे दाद लागली नाही तर योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. ‘हे योजनेत बसत नाही’ असे तोंडी सांगितले गेल्यास कारण लिहून मागावे. माझा अनुभव असा की लेखी कारण नम्रपणे मागितले की निम्म्या वेळा उत्तरच बदलते.

नावांचा घोळ हा आणखी एक अडसर. शिधापत्रिकेवर नव्या सुनेचे नाव चढलेले नाही, आधारवर माहेरचे आडनाव, जन्मलेल्या बाळाची कोठेच नोंद नाही, अशी घरे प्रत्येक वस्तीत सापडतात. कार्डांच्या शिबिरात ज्यांचे काम लगेच होते त्यांचेच होते, अडलेले परत जातात आणि पुन्हा येत नाहीत. आपल्या बचत गटांनी खरे तर या अडलेल्यांचीच यादी करावी आणि तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत ती कामे एकत्र नेऊन पूर्ण करून घ्यावीत. त्यात फोटो काढण्यासारखे काही नसते, पण सगळ्यात जास्त उपयोग याच कामाचा होतो. सत्तर वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मानचे वेगळे वय वंदना कार्ड मिळते; त्यांची यादी निराळी ठेवावी.

तिसरा पर्याय धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक विश्वस्त संस्थांनी चालवलेल्या, रुग्णालयांचा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा असून तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका लागते. तातडीच्या रुग्णाला अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. ही मोठी रुग्णालये प्रामुख्याने पुणे, मुंबईसारख्या शहरांत असल्यामुळे आपल्या लोकांना त्यांचा उपयोग पुढे पाठवलेल्या, मोठ्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांसाठीच होतो. तेथे पोहोचल्यावर बिलाच्या खिडकीवर न जाता आधी वैद्यकीय समाजसेवकाला भेटावे. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज मात्र योजनेत आणि धर्मादाय खाटेत सोय होत नाही असे दिसल्यावर करावा. बहुतेक कुटुंबे तेथूनच सुरुवात करतात आणि मंजुरीची वाट पाहत बसतात.

येथवर रुग्णालयात गेल्यावरचे पर्याय झाले. ‘शस्त्रक्रिया करायचीच का’ हा त्याआधीचा पर्याय आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो सोडून बोलणे बरोबर होणार नाही. ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजल्यावर २०१९ मध्ये नेमलेल्या शासकीय समितीसमोर आलेल्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. त्याच सुमारास खासगी रुग्णालयांतील अशा शस्त्रक्रियांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट घालण्यात आली. अंगावरून पांढरे जाणे, पोट दुखणे यांसाठी गेलेल्या बाईला ‘पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल’ असे भय दाखवले की ती उचल घेऊन शस्त्रक्रिया करून घेते. खाडा झाला की दंड, पाळी आली तर फडावर (ऊसतोडीच्या शेतात) आडोसा नाही, या जाचामुळे तिलाही ती सुटका वाटते. तेव्हा गटाच्या बैठकीत एवढे निश्चित सांगावे की ज्या शस्त्रक्रियेची तातडी नाही, तिच्याबाबत दुसऱ्या डॉक्टरांचे, शक्यतो जिल्हा रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये, आणि सोनोग्राफीचा कागद स्वतःजवळ ठेवावा. हे बोलणे बायकांच्या बैठकीत, बाईनेच करावे. पुरुष प्रशिक्षकाने, म्हणजे माझ्यासारख्याने, तेथे नसावे.

आता प्रत्यक्ष पद्धतीविषयी. मोठ्या मेळाव्याऐवजी वस्तीवर दहा-पंधरा जणांची बैठक घ्यावी. एक प्रसंग समोर ठेवावा: रात्री दोन वाजता घरातल्या गरोदर बाईला रक्तस्राव सुरू झाला. मग प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारत जावे. पहिला फोन कोण, कोणाला करील? १०८ यायला वेळ लागला तर गाडी कोणाची? कागद कोठे आहेत, आणि ज्याला ते ठाऊक आहे तो त्या रात्री घरी नसेल तर? लहान मुलांजवळ कोण थांबेल? पहिल्यांदा हशा होतो, मग शांतता पसरते, आणि मग माणसे खरे बोलू लागतात. ‘सरकारीत नर्स ओरडते’, ‘तिथे डॉक्टर नसतात’, ‘मागच्या वेळी अंबाजोगाईला नेले आणि तिथून लातूरला पाठवले’ अशा तक्रारी निघतात. त्या खोडू नयेत, लिहून घ्याव्यात. कारण त्यांतल्या पुष्कळ खऱ्या असतात आणि लोकांचे निर्णय त्यांवरच होतात. बैठक संपताना प्रत्येक घराने प्लास्टिकची एक पिशवी तयार करावी: शिधापत्रिकेची व आधारची प्रत, आयुष्मान कार्ड, जुने केसपेपर, गरोदर बाईचे माता व बाल संरक्षण कार्ड, आणि आत जाड पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत १०८, १०२, १५५३८८ आणि ग्रामसंघातील एका व्यक्तीचा क्रमांक. ही पिशवी घरातल्या शाळकरी मुलाला दाखवून ठेवावी. मोठी माणसे गडबडीत विसरतात, मुले सहसा विसरत नाहीत.

याच बैठकांना, किंवा निराळी बैठक घेऊन, जीपवाले, औषधांचे दुकानदार, गावात दवाखाना चालवणारे डॉक्टर आणि मुकादम यांनाही बोलवावे. हे ऐकून कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. कट प्रॅक्टिस, म्हणजे रुग्ण पाठवण्यासाठी कमिशन घेणे, चालते हे मला माहीत आहे, आणि सगळेच आपले ऐकतील असा माझा दावाही नाही. पण मुकादमाचे हित एका बाबतीत आपल्याशी जुळते: मोठ्या बिलासाठी दिलेली उचल बुडण्याची भीती त्यालाही असते. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडे गेलेल्या टोळीतले कोणी आजारी पडले तर योजना तेथेही चालते, कारण राज्यातील कोणत्याही अंगीकृत रुग्णालयात ती लागू आहे, ही गोष्ट त्याला पटवून दिली तर फडावर सर्वांत आधी तोच ती सांगेल. टोळी कर्नाटकात जाणार असेल तर कुटुंब केंद्राच्या यादीत आहे की केवळ राज्याच्या, यावर पुढचे ठरते. निघण्यापूर्वी आयुष्मान भारतच्या १४५५५ या क्रमांकावर विचारून घ्यावे.

रुग्णालयाच्या बाजूलाही आपले एक माणूस ओळखीचे हवे. जिल्हा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक आणि जवळच्या अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्र यांना ग्रामसंघाच्या दोघी-तिघींनी एकदा जाऊन भेटावे, कोणत्या वेळी कोण उपलब्ध असते ते विचारावे. तक्रार घेऊन पहिली भेट होण्यापेक्षा ओळख करून घेण्यासाठी झालेली बरी. खासगी रुग्णालयांबाबत आणखी एक हक्क सांगून ठेवावा: महाराष्ट्रात जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम सुधारले असून रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक रुग्णालयात लावणे बंधनकारक आहे, आणि बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.

कार्यकर्त्यांनी काय करू नये हेही ठरवून घ्यावे. कोणत्याही एका खासगी रुग्णालयाची शिफारस करू नये, मग ते कितीही भले असो. दुसऱ्याच दिवशी ‘यांनाही कमिशन आहे’ असे गाव म्हणू लागते. कोणाचा आधार क्रमांक किंवा ओटीपी आपल्या फोनवर साठवू नये. कोणाचा आजार काय, हे बैठकीत नावानिशी बोलू नये. क्षयरोग, पाळीच्या तक्रारी, मानसिक आजार यांबाबत तर कटाक्षाने. आणि आशाताईंना डावलून काही करू नये. त्यांच्यावर कामाचा बोजा आधीच मोठा आहे, तेव्हा त्यांच्याकडून नवे काम काढण्यापेक्षा त्यांच्या ग्राम आरोग्य व पोषण दिनाला आपण हजर राहावे, म्हणजे त्यांनाही आधार होतो.

काम जमते आहे की नाही हे बैठकीच्या हजेरीवरून कळत नाही. गावातून जो कोणी रुग्णालयात दाखल होऊन परत येईल, त्याच्या घरी आठवड्याभराने जाऊन तीन-चार गोष्टी विचाराव्यात: आधी कोठे गेलात, कोणाच्या सांगण्यावरून, योजना विचारली होती का, विचारली असल्यास काय उत्तर मिळाले, खिशातून किती गेले आणि ते कोठून आणले. बिल दाखवायची तयारी असेल तर ते बसून वाचावे. अशा नोंदी एका वहीत राहिल्या की कोणत्या रुग्णालयात कोणत्या पायरीवर लोक अडतात हे सहा महिन्यांत स्पष्ट दिसू लागते. मग ग्रामसभेत किंवा जनसुनवाईत (अधिकाऱ्यांसमोरच्या खुल्या सुनावणीत) ते नोंदींसह मांडता येते. महाराष्ट्रात लोकाधारित देखरेखीच्या उपक्रमातून २००७ पासून अशा जनसुनवाया काही जिल्ह्यांत झाल्या आहेत, आणि अधिकाऱ्यांसमोर भाषणापेक्षा नोंदवही अधिक टिकते.

आता वीस हजार रुपयांचे. फ्लेक्स करू नये. त्यावर पुढाऱ्यांची छायाचित्रे मोठी आणि हेल्पलाइनचा क्रमांक बारीक असतो, आणि पहिल्या वादळात तो कोणाच्या तरी गोठ्यावर जातो. माझ्या हिशेबाने सर्वांत मोठा भाग दोन कार्यकर्त्यांच्या प्रवासखर्चासाठी आणि मानधनासाठी ठेवावा, म्हणजे तहसीलच्या फेऱ्या आणि रुग्णालयातून परतलेल्यांच्या घरभेटी चालू राहतील. त्याखालोखाल पिशव्या, पुठ्ठे आणि झेरॉक्स. थोडी रक्कम फिरता निधी म्हणून बाजूला काढावी. रात्री जीपच्या डिझेलला पाचशे रुपये नसले की घरचे लोक मुकादमाच्या दारी जातात, आणि तेथून पुढे रुग्णालयही त्याच्याच सल्ल्याने ठरते. हा निधी कोणाकडे राहील, रात्री कसा मिळेल आणि परत किती दिवसांत करायचा, हे गटाच्या ठरावात लिहून घ्यावे. टोळ्या साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणून शिधापत्रिकेतील नावांचे काम आत्ताच हाती घ्यावे, कारण त्यालाच सर्वांत जास्त वेळ लागतो; वस्तीवरच्या बैठका त्यानंतर घेतल्या तरी चालतील.